पाहिलं, ऐकलं, अंदाज

त्या सकाळी आठ वाजून गेले तरी समोरच्या दाराच्या कडीत पेपर तसाच अडकवलेला होता. थंडीचे दिवस, वालदेवी नदीच्या बाजूनं आलेलं धुकं आमच्या जिन्यापर्यंत चढलेलं, आणि मी दुधाची पिशवी हातात घेऊन त्या घडी केलेल्या पेपराकडे बघत उभी. उपनगरातल्या ह्या इमारतीत मला सतरा वर्षं झाली. सतरा वर्षांत साडेसहानंतर तो पेपर कडीत राहिलेला मी कधी पाहिला नव्हता. आत काहीतरी झालंय हे कळत होतं, पण बेल वाजवायला हात उठेना. मग दार आतूनच उघडलं. सुमनकाकू उभ्या होत्या. "उठत नाहीयेत गं..." एवढंच म्हणाल्या, आणि सवयीनं कडीतला पेपर काढून आत घेऊन गेल्या. सुभेदार यशवंत गांगुर्डे, आमच्या सगळ्या जिन्याचे सुभेदारकाका, पहाटे झोपेतच गेले होते. त्याला आता सात आठवडे झाले, आणि अजूनही सकाळी दार उघडलं की माझी नजर आधी त्या कडीकडे जाते.

काका मूळचे मनमाडचे. वडील रेल्वेत खलाशी. काका मात्र रुळांवरून थेट तोफखान्यात गेले आणि अठ्ठावीस वर्षांनी सुभेदार होऊन देवळालीहून निवृत्त झाले. तोफ जिथं उभी असते तिथून समोरचा शत्रू दिसत नाही, हे मला त्यांनीच सांगितलं. कुणीतरी पुढे जाऊन डोंगराच्या कडेवर पालथं पडून राहायचं, डोळ्यांनी बघायचं आणि वायरलेसवर मागे कळवायचं, की गोळा कुठे पडला, किती पुढे हवा, किती डावीकडे. उमेदीची वर्षं काकांनी हेच केलं. त्यांच्या पहिल्या साहेबानं त्यांना एक शिस्त लावली होती. मागे जे काही सांगशील त्याच्याआधी सांगायचं, की हे मी पाहिलं, की कुणाकडून ऐकलं, की हा माझा अंदाज. ह्या तिघांची गल्लत झाली की गोळा आपल्याच पोरांवर पडतो. ही शिस्त काका निवृत्तीनंतर घरी घेऊन आले आणि तिचा सगळा जोर त्यांनी पेपरावर काढला. एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळं शिसं असलेली जाडजूड पेन्सिल घेऊन ते रोज सकाळी खिडकीशी बसत आणि बातमीतल्या प्रत्येक वाक्यापुढे लिहीत जात. पाहिलं असेल तर 'पा', ऐकलेलं असेल तर 'ऐ', अंदाज असेल तर 'अं'. निळ्यानं 'पा', बाकी सगळं लालनं. मी त्यांच्या शेजारी राहायला आले तेव्हा एका पेपरात उपसंपादक म्हणून नोकरीला होते. त्यांना हे कळल्यावर त्यांनी मला पहिल्यांदा घरात बोलावलं ते चहासाठी नव्हे, तर माझ्या पानावर तीन निळी अक्षरं आणि एकोणीस लाल अक्षरं कशी आली ते दाखवायला.

"काय पेपरवाल्या बाई, आज काय काय बघितलंत स्वतःच्या डोळ्यांनी?" जिन्यात भेटले की हा प्रश्न ठरलेला. मलाही उत्तर दिल्याशिवाय राहवत नसे. सगळं जग डोळ्यांनी बघायला निघाले तर पेपर कोण काढणार, असं काहीतरी मी बोलायची, आणि ते खूश व्हायचे. त्यांना वाद आवडायचा. मतं ठाम, जुन्या वळणाची, आणि ती लपवायची त्यांना कधी गरज वाटली नाही. प्रत्येक घरातल्या पोरानं दोन वर्षं तरी वर्दी घातली पाहिजे. लढाईला वाईट म्हटल्यानं ती टळत नाही. पेपर आणि टीव्हीवाले आधी बाजू ठरवतात, मग बातमी शोधतात. जवानाची बातमी पहिल्या पानावर यायची तर त्याला एक तर मरावं लागतं किंवा काहीतरी वाईट करावं लागतं, हे ते फूटपट्टी घेऊन रकाने मोजून मला सिद्ध करून दाखवत. मी एकदा पुरवणीत युद्धाच्या विरोधात एक लांबलचक लेख लिहिला होता. त्यावर त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच मोठं 'अं' काढून तो माझ्या दाराखालून आत सरकवला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. माझा मुलगा फौजेत वगैरे जाणार नाही, असंही मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. "बरंय," म्हणाले, "म्हणजे दुसऱ्याची पोरं राखतील तुझ्या मुलाला." अगदी शांतपणे म्हणाले. मला ते अजूनही पटलेलं नाही.

पण तेच काका, टीव्हीवर कुणी मुठी आपटत लढाई मागायला लागला की चपला घालून गच्चीत निघून जात. कितीदा तरी मी त्यांना तिथं गाठलं आहे. दुपारची वेळ, वाळत घातलेल्या चादरी हलत असायच्या, आणि लांब देवळालीच्या मैदानावर तोफांचा सराव चालू असला की आधी एक धुम्म ऐकू यायचं. काका बोट वर करायचे. बोलणं तिथंच थांबायचं. ते ओठांतल्या ओठांत आकडे मोजत, मी श्वास धरून... मग कुठेतरी पलीकडे दुसरा, मऊसर धुम्म. "पडला," म्हणायचे, आणि मधे तुटलेलं वाक्य जिथं सोडलं होतं तिथून पुढे सुरू. ह्या दोन आवाजांच्या मधल्या जागेत एवढी शांतता असायची की आपण जागे आहोत की नाही, अशी मला शंका यायची. त्या दुपारी आता आठवतात तेव्हा एकमेकांत मिसळून येतात. कुठली आधीची, कुठली नंतरची, ते सांगता यायचं नाही.

एक दिवस मात्र स्वच्छ आठवतो. चार वर्षांपूर्वी सीमेवर ताण वाढला होता आणि आमच्या पेपराला माजी सैनिकांच्या मुलाखती हव्या होत्या. मला लांब जायची गरजच नव्हती. वही घेऊन समोरच्या दारात गेले. काका दोन तास बोलले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याशी बागूलांबद्दल बोलले. हवालदार बागूल कळवणचे. डोंगरावरच्या एका चौकीत दोघं बरोबर होते. बागूल गेले आणि काका राहिले. त्यांना घरी पोहोचवायला काकाच कळवणला गेले होते, आणि तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला ते एसटीनं कळवणला जाऊन बागूलांच्या बायकोला, इंदूबाईंना भेटून येत. तिला ते बहीण मानत. काका खिडकीकडे बघत म्हणाले, "लोक म्हणतात, शहिदाच्या घरात दुःख नसतं, अभिमान असतो. मी त्या घरात बसलोय. तिथं नुसतं दुःख असतं. अभिमान लय मागनं येतो, कधी येतही नाही." मी ते जसंच्या तसं वहीत उतरवलं. संध्याकाळी पान लावताना पाच ओळी जास्त झाल्या. मी पुढची वाक्यं कापली, 'लोक म्हणतात' हे दोन शब्द कापले, आणि जे उरलं ते मथळ्यात शोभून दिसत होतं म्हणून वर नेलं. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा त्यात काही गैर वाटलंच नाही. सकाळी जिल्हाभर पाच रकान्यांत छापून आलं, की शहिदाच्या घरात दुःख नसतं, अभिमान असतो. खाली काकांचा फोटो.

त्या दिवशी ते ओरडले नाहीत. मला बोलावलं, पेपर पुढे ठेवला. मथळ्यापुढे अक्षर नव्हतं. तिन्हींतलं कुठलंच त्यांना लिहिता आलं नव्हतं. मी म्हटलं, "काका, जागा कमी पडली हो." ते म्हणाले, "जागा कमी पडली म्हणून माणसाचं तोंड फिरवायचं?" खुलासा छापायला मी भांडले, हे माझ्या बाजूनं सांगते. तीन ओळी मिळाल्या, आतल्या पानावर, सोफासेटच्या जाहिरातीखाली. आणि मुलाखत गेली होती जिल्ह्याच्या आवृत्तीत, खुलासा आला फक्त शहराच्या. कळवणला तो पोहोचलाच नाही. काकांनी तो फूटपट्टीनं मोजला आणि म्हणाले, "कळवणला इंदूनं वाचलंय ते. तू चल माझ्याबरोबर. तू सांग तिला." मी हो म्हटलं. पुढच्या रविवारी जाऊ म्हटलं. मग निवडणूक आली, मुलाची दहावी आली, माझी नोकरी बदलली... बागूलांची तारीख आली तेव्हा ते एकटेच गेले. परत आले ते आल्या आल्या काकूंकडे चहा मागत. एक कप झाला, दुसरा मागितला. मी भीतभीत विचारलं, "बोललात का?" "बोललो," म्हणाले. त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मिटलं असणार असं मी धरून चालले, कारण तसं धरून चालणं सोयीचं होतं. पुढेही दरवर्षी कळवणहून परतले की ते असेच घाईघाईनं चहा मागत, आणि प्रवासाचा शीण असेल असं मला वाटे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, काका गेल्यावरच्या त्या विधीला, त्यांच्या घरात माणसं मावत नव्हती. बुद्धवंदना झाली, पांढऱ्या कपड्यांतली मंडळी हळूहळू पांगली. कोपऱ्यात एक सुरकुतलेली बाई डोक्यावर पदर घेऊन बसली होती. काकूंनी ओळख करून दिली, ह्या इंदूबाई बागूल, कळवणहून आल्यात. माझं नाव ऐकल्यावर त्यांनी मला वरून खाली बघितलं. "तुम्हीच का पेपरात लिवनाऱ्या?" मी मान हलवली. त्या बोलायला लागल्या, रागानं नाही, जुनी गोष्ट सांगावी तशा. "भाऊ आलते त्या साली. उंबऱ्याशी बसले. मी म्हनलं, तुमी असं कसं बोलले? माझ्या घरात दुःख नाय? तुमी तर बघितलं व्हतं. तर खाली मान घालून म्हने, बोललो मी तसं, चुकलो. त्या पोरीची काय चूक नाय, तिनं ऐकलं तेच लिवलं... मी त्यांना चहा नाय केला. दरसाल यायचे, अंगणात बसायचे, पानी पिऊन जायचे. चार सालं मी त्यांना चहा नाय केला." मला काकांचे ते दोन-दोन कप आठवले.

माझ्या जुन्या वह्या मी टाकत नाही. समोर माझ्या घरी गेले, कपाटातून ती वही काढली आणि परत येऊन इंदूबाईंच्या शेजारी जमिनीवर बसले. काकांचं वाक्य वाचून दाखवलं. 'लोक म्हणतात'पासून 'कधी येतही नाही'पर्यंत. "परत वाचा," त्या म्हणाल्या. मी परत वाचलं. त्या एकदम आपल्या बोलीत गेल्या, "हाई खरं शे का?" मी म्हटलं, "खरं आहे. मी कापलं ते. त्यांनी नाही, मी." त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "मंग भाऊ माझ्याशी खोटं बोलले की." काकू रडता रडता हसल्या आणि म्हणाल्या, "आयुष्यात एकदाच बोलले असतील हो." चाळीस वर्षं त्यांच्याशी संसार केलेल्या बाईची ती साक्ष होती. इंदूबाई माझ्यावर चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला कळवणला यायला काय झालं होतं, असंही त्यांनी विचारलं नाही. ते मी रोज विचारते स्वतःला.

ती लाल-निळी पेन्सिल काकूंनी मला दिली. बोटभर उरली आहे. हा लेख लिहून झाल्यावर मी काकांच्या खिडकीशी बसले आणि त्यांच्यासारखीच वाक्यावाक्यापुढे अक्षरं लिहीत गेले. काका वाद घालायचे, मोजायचे, मधेच बोट वर करायचे... त्याच्यापुढे निळं 'पा'. बागूलांचा डोंगर आणि कळवणचं अंगण, 'ऐ'. माझं नाव वाचवायलाच ते तसं बोलले, 'अं'. त्यांनी मला कधीच माफ केलं होतं, असं काकू म्हणतात. तिथं मी पेन्सिल बराच वेळ धरून बसले आणि मग लाल 'ऐ' लिहिलं. लांब देवळालीला सराव चालू होता. पहिला आवाज आला. मी मोजायला लागले, आणि मोजता मोजता मला त्या दिवसाचा शेवट दिसत राहिला, जो वर लिहायचा राहिला होता. माणसं गेल्यावर इंदूबाई उठल्या, स्वयंपाकघर कुठे आहे ते काकूंना विचारलं आणि स्वतः आत गेल्या. चहाचे दोन कप घेऊन बाहेर आल्या. दोन्ही कप त्यांनी काकांच्या फोटोपुढे ठेवले आणि वाफ निवेपर्यंत तिथंच बसून राहिल्या. त्याच्यापुढे 'पा'.