काशिनाथचा खेकड्यांचा खेळ

चुलीवरचं आढं कोण मुद्दाम काळं करतं का? नाय. पण वीस वर्षांनी मान वर करून बघा, काळंकुट्ट! किस्स्यांचं तसंच हाय. कोणी जमवायला जात नाय. धूर निघत राहतो आन थर चढत राहतो. माझ्याकडं जव्हारच्या कॉम्प्युटर क्लासचा थर हाय. मी तिथला शिपाई, साखरशेतचा सोमा. पोरं सोमामामा म्हणायची. शटर उघडायचं, झाडू मारायचा आन दारात स्टूल टाकून ओरडायचं, "चपला बाहेर!"

हे अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवचं बोलतोय. कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ गेली की मशीन मरतं, असं सर सांगायचे. देवळात एखादा चुकून चपला घालून घुसंल, आमच्या क्लासात नाय! एकदा एक मोठा साहेब आला, त्याचे पण बूट काढायला लावले मी. साहेबाच्या मोज्यातनं अंगठा बाहेर! मी बोललो, "साहेब, हवा बरी येते ना?"

ही चपलांची गोष्ट डोक्यात ठेवा. पुढं लागंल.

*

दाभोश्याचे एक गुरुजी होते. मास्तर लोकांना कॉम्प्युटर शिकायचा हुकूम निघालेला, म्हणून आलेले. रिटायर व्हायला आलेला माणूस, माऊसला हात लावताना विंचू पकडल्यासारखा पकडायचा. मी त्यांच्या कानात सांगितलं, "गुरुजी, पावसाळ्यात मशीनला सर्दी होते. उबदार कायतरी पाहिजे."

दुसऱ्या दिवशी गुरुजी जीपमधनं उतरले ते खांद्यावर घोंगडी घेऊन! आपल्या मशीनला त्यांनी ती पोरासारखी गुंडाळली. पोरं हसून लोळली. सर बोलले, "सोमा, एक दिवस मी तुला हाकलणार!"

मग श्रावण लागला. आमच्या जव्हारचा श्रावण तुम्हाला काय सांगू, भिंतींना घाम फुटतो. एकेक करून सगळी मशीनं बसली. चालू राहिलं कुठलं? घोंगडीतलं!

संध्याकाळी सर हळूच माझ्याकडं आले. "सोमा, आणखी घोंगड्या मिळतील का रे?"

*

आता काशिनाथ. पोशेऱ्याचा. बाप लहानू, डोंगरउतारावर भात आन नाचणी. बारावी झाली तशी याच्या बरोबरीची पोरं भिवंडीकडं वीटभट्टीवर गेली. हा जीपच्या मागं लटकून क्लासला यायला लागला. बाकीची पोरं सर्टिफिकेटासाठी यायची, कुठं क्लार्क म्हणून चिकटता येतं का बघायला. हा पहिल्याच दिवशी सरांना बोलला, "मला सॉफ्टवेअर बनवायचं हाय."

पण क्लासची वेळ आन लाईट जायची वेळ एकच! मशीन थोडा वेळ, बाकी सगळे काळोखात बसून दाढा मोजायचे. घरी तर नुसतीच रॉकेलची चिमणी. मग या पठ्ठ्यानं काय केलं? आईचं शेणानं सारवलेलं सूप घेतलं, उलटं केलं आन लग्नघराच्या भिंतीवर चौकाचं चित्र लिहितात तसा तांदळाच्या पिठानं त्याच्यावर कीबोर्ड काढला! रोज मांडीवर सूप घेऊन टकटक, टकटक. बोटांना सवय पाहिजे म्हणे.

एकदा मी त्यांच्या घरी गेलो, तर दारातच भांडण ऐकू आलं.

"आये, तू ए पुसलास!"

"मंग मी भात पाखडू का नको?"

"पाखड, पण निदान एस तरी वाचव!"

म्हातारी माझ्याकडं वळली. "सोमा, याचं शिकून होईतोवर आम्ही काय खडे खायाचे?"

*

लहानू एकदा स्वतः क्लासला आला. माझं "चपला बाहेर" तोंडातच राहिलं, तो अनवाणीच होता. सरांच्या पुढं उभा राहिला.

"सर, पोरगा शिकून काय बनवंल?"

"सॉफ्टवेअर."

"केवढं असतं?"

सर बोलले, "लहानूभाऊ, ते दिसत नाय."

लहानूनं डोकं खाजवलं. "मंग ठेवायला आमची कणगी चालंल. भाताची हाय, पन या साली तिच्यात पन काय दिसत नाय."

आम्ही जाम हसलो. लहानू नाय हसला. जाताना पोराला बोलला, "पुढची आवणी होऊ दे. तवर काय झालं नाय, तर तू पन भट्टीवर."

आवणी, म्हंजे भाताची लावणी, आली आन गेली. परत आली. लहानू दर साली तेच बोलायचा आन दर साली एकटाच चिखलात उतरायचा. सरांनी काशिनाथला क्लासातच पोरांना शिकवायला ठेवला. पण ती भट्टी त्याच्या मानेवर बसलेलीच. कोणी "आवणी" शब्द काढला की पोरगा ताटावरनं उठायचा. मी मुद्दाम काढायचो. हलकट माणूस मी!

*

मग मोबाईल आले. सरांनी रंगीत पडद्याचा एक घेतला आन मुंबईहून उशीएवढं जाडं पुस्तक आणलं. काशिनाथनं ते पुस्तक चावून खाल्लं. म्हणे फोनात पण सॉफ्टवेअर घालता येतं. पोशेऱ्यात रेंजचा पत्ता नाय आन हा फोनसाठी खेळ बनवायला बसला!

बनवला पण. खेकड्यांचा. पडद्यावर नदी, नदीत दगड. दगडाखालनं खेकडा निघायचा, तिरका, थांबून थांबून, अस्सल आपल्या नदीतल्यासारखा. पाचचं बटन दाबलं की पकडला. सगळे पकडले की पुढची नदी.

पहिला खेळायला मी. माझी बोटं झाडूवाल्याची, तरी धपाधप पकडले. शेवटी एक मोठी खेकडी निघाली, टच्च फुगलेली. मी दाबलं. खेळ खलास!

"काश्या, बिघडलाय तुझा खेळ!"

"मामा, नीट बघा. तिच्या पोटाखाली पिल्लं हायेत. तुम्ही नदीवर तिला धरता का?"

"नाय. तिला सोडायची असते."

"मग इथं कशाला धरली?"

मी परत पहिल्या नदीपासनं सुरू केलं. या टिनपाटानं मला शिकवलं!

*

सरांनी खटपट करून अंधेरीच्या एका कंपनीत त्याची मुलाखत ठरवली. फोनचेच खेळ बनवायची कंपनी. सरांनी खेळ दाखवायला आपला रंगीत फोन दिला, आपले नवे बूट पण दिले. सोबत मी.

वर गेलो. काचेचं दार, आत कॉम्प्युटरच कॉम्प्युटर! काशिनाथनं काय करावं? दाराबाहेर बूट काढून नीट जोडून ठेवले आन मोज्यांवर आत गेला! एवढ्या वर्षांचं माझं ओरडणं हो. काचेतनं मला दिसत होतं, सगळे त्याच्या पायाकडं बघत होते.

आत काय झालं ते त्यानंच सांगितलं. साहेबानं इंग्रजीत विचारलं, यानं सरळ फोनच पुढं केला. मग साहेबानं खेळ खेळून बघितला. खूश झाला. मोठी खेकडी आली, दाबली, खलास. साहेब बोलला, "हा बग आहे." बग म्हंजे सॉफ्टवेअरातला बिघाड.

काशिनाथ बोलला, "नो बग सर. मदर."

सगळी खोली हसली. साहेब बोलला, सगळ्यात मोठ्याला तर सगळ्यात जास्त पॉइंट पाहिजेत, हे काढून टाकशील का? काशिनाथ बोलला, "नाय काढता येत."

नाय येत का नाय काढायचं, ते मी विचारलं नाय. साहेबानं खेळ वायरीनं आपल्या मशीनमध्ये उतरवून घेतला आन बोलला, "कळवतो."

बाहेर आलो तर बूट गायब! वॉचमन बोलला, कोणाचे पडलेत म्हणून उचलून टाकले असतील. पोरगा मोज्यांवर घरी आला. कसाऱ्याला गाडीतनं उतरून जीपकडं चालताना मी बोललो, "काश्या, पाय भाजतात का?"

"नाय मामा. बूट सरांचे होते ना, ते आठवतं."

*

"कळवतो" म्हणाले, मग फोन तर पाहिजे! सरांनी जुना डबडा फोन दिला. तोवर पोशेऱ्यात एका ठिकाणी जराशी रेंज लागायला लागलेली, लहानूच्या बांधावरच्या आंब्याखाली. लहानूनं खिळा ठोकला आन प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन टांगला. नांगर धरायचा, पण कान झाडाकडं.

फोन वाजायचा. लहानू चिखलाचे पाय घेऊन धावायचा. पलीकडं बाई असायची, ती रेकॉर्ड केलेली. फोनला गाणं लावा, एक दाबा, दोन दाबा. लहानूला काय माहीत! तो अदबीनं सांगायचा, "बाई, काशिनाथ जव्हारला गेलाय. मी त्याचा बाप. कामाचं काय ते मला सांगा."

आठवडाभरानं मला भेटला. मी विचारलं, "कळवलं का कंपनीनं?"

"बाई रोज फोन करते रं," लहानू बोलला. "पन लई बोलते. आपलं ऐकून घेत नाय."

मी, ज्यानं आख्ख्या जव्हारची मस्करी केली, मला तेव्हा हसता नाय आलं. त्या साली आवणी झाली, दिवाळीनंतर भट्ट्या पेटल्या, आन लहानूनं काय बोलायच्या आधीच काशिनाथ भट्टीवर निघून गेला.

*

भट्टीवर धुरानं-धुळीनं छाती भरली, तसा परत आला. क्लास बंद पडलेला, सर नाशिकला निघून गेलेले. काशिनाथ जव्हार-मोखाडा जीप चालवायला लागला, दुसऱ्याच्या मालकीची. कॉम्प्युटरचं नाव कधी काढायचा नाय. मी काढलं तर गाणं लावायचा.

एकदा मी पुढं बसलेलो, त्याच्या शेजारी. माझ्या पलीकडं, दाराशी, ठाण्याचा एक औषधवाला, टाय लावलेला. जव्हार सोडल्यापासून फोनात डोकं. एकदम ओरडला, "च्यायला! परत मेलो!"

मी वाकून बघितलं. नदी. दगड. दगडाखालनं खेकडा निघाला, तिरका, थांबून थांबून. वर इंग्रजीत कायतरी नाव, मला वाचता येत नाय.

मी काशिनाथकडं बघितलं. तो रस्त्याकडं बघत होता.

"कुठनं घेतला हो साहेब खेळ?" मी विचारलं.

"नव्या फोनमध्येच आलाय. पण बिघडलेला आहे. सगळे पकडतो, शेवटी एक मोठा येतो, पकडला की गेम खलास!"

"बिघडलेला नाय," काशिनाथ बोलला. "तिच्या पोटाखाली पिल्लं हायेत. सोडून द्यायची. मग पुढची नदी येते."

"ड्रायव्हर, तुम्ही रस्त्यावर लक्ष द्या हो! तुम्हाला काय कळतंय यातलं?"

काशिनाथनं गिअर टाकला. घाटातली वळणं सुरू झाली. औषधवाला परत खेळायला लागला. मोठी आली तसं त्यानं चोरून आमच्याकडं बघितलं आन बोट उचललं. फोन टुंगटुंग वाजला.

"अरे! गेलो की पुढं!"

मोखाड्यापर्यंत माणूस पोरासारखा खूश. उतरताना मला बोलला, "काय डोकं चालवलंय बनवणाऱ्यानं! अमेरिकेतला असणार कोणीतरी."

काशिनाथ बोलला, "दार जरा जोरात ओढा साहेब, नाय तर लागत नाय."