‘आम्ही’ म्हणजे कोण

मोशीच्या जुन्या शेतकरी घरातली एक विद्यार्थिनी माझ्याकडे अहवालाचं इंग्रजी तपासून घ्यायला यायची. चाकणच्या एका कंपनीत, गाडीच्या दाराची फट कमी-जास्त का होते, यावर तिनं सहा महिने काम केलं होतं. तिचं कॉलेज एका जर्मन विद्यापीठाशी जोडलेलं, म्हणून अहवाल तिथल्या परीक्षकांकडे गेला आणि अडकला. त्यांचं म्हणणं, मुखपृष्ठावर नाव एकीचं, आत मात्र सगळीकडे ‘वुई’. हे ‘आम्ही’ म्हणजे कोण? आठवड्यात खुलासा गेला नाही तर तिची पदवी लांबणार होती.

मी हसलो. तिच्या तोंडून ‘मी’ क्वचितच ऐकलं होतं. ‘आमी येतो’, ‘आमाला कळलं न्हाई’, असंच चालायचं. परदेशी माणसाला हे कुठून कळणार? भाषा आणि संस्कृती हा तर माझा शिकवायचा विषय, आयतीच संधी मिळाली. तासभर बसून मी प्रत्येक ‘वुई’चा ‘आय’ केला आणि परीक्षकांना पानभर पत्र लिहिलं: आमच्या गावांकडे एकटं माणूसही स्वतःला आम्ही म्हणतं, त्यात लबाडी नसते, वगैरे. पत्र झकास उतरलं होतं. ती शेजारीच बसली होती. पाठवण्याआधी एकदा अहवाल वाचून घे, म्हणालो.

तिसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं. वाक्य होतं, ‘मी प्रत्येक शिफ्टमध्ये फट मोजली.’

“सर, ही मापं मी घेतली न्हाईत. लाइनवर दारं बसवणाऱ्या एक ताई हायेत, त्यांनी घेतली. दुपारच्या शिफ्टला फट वाढती, हे बी त्यांनीच दाखवलं.”

आधी का नाही सांगितलंस, मी जरा चिडूनच विचारलं.

“तुमी इचारलंच न्हाई.”

खरं होतं. परीक्षकांनी निदान विचारलं तरी होतं. मला लाज वाटली. पत्र पुसून टाकलं. जिथे ताई होत्या तिथले ‘वुई’ परत आणले आणि पहिल्याच पानावर त्यांचं नाव घालायचं ठरवलं. इंग्रजीत त्या नाव कसं लिहितात हे विचारायला तिनं तिथूनच ताईंना स्पीकरवर फोन लावला. त्यांची जेवणाची सुट्टी चालू होती. रिपोर्टात तुमचं नाव लिहायचंय, असं तिनं सांगितलं.

“नाव कशाला?” ताईंनी हळूच विचारलं. “माझं काय चुकलं का?”