पिवळ्या पातीचा कांदा

लग्नानंतर काही वर्षं आम्ही येडशीपासून थोडं आत, सरकारी बियाण्याच्या शेतावर राहिलो. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात आला होता. तुमचे आजोबा दिवसभर कांद्याच्या वाफ्यांत असायचे. शेजार नव्हता. मी भांडी घासून-पुसून फळीवर लावायची आणि दुपार सरत नाही म्हणून पुन्हा काढून पुसायची.

आजोबांच्या कांद्यात काही झाडांच्या गोंड्यांना, म्हणजे फुलांच्या गुच्छांना, पराग नसत. शास्त्रात त्यांना नर-वंध्य म्हणतात. शेजारच्या ओळीतले पराग मधमाश्यांनी आणले की त्याच गोंड्यांत बी भरतं, आणि संकरित बियाण्याला अशीच झाडं लागतात. पण कामावरच्या बायकांना हा शब्द कुठला माहीत? आपल्या बोलीत वांझ असते ती बाईच.

"साहेब, ह्या वांझोट्या उपटून टाकू का?" एकीनं विचारलं.

दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं. "हळू बोल की. वैनी हायत तिथं."

मला मूल नव्हतं.

सासूबाई तुळजापूरला असायच्या. त्यांनीच मला सोलापूरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. तपासून झाल्यावर बाई माझ्याशी इंग्रजीत बोलल्या, सासूबाईंना कळू नये म्हणून. माझ्यात काही दोष दिसत नाही, यजमानांना पाठवा, म्हणाल्या. येताना गाडीत सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाली गं?" मी म्हटलं, "औषध देते म्हणाल्या." यजमानांना मात्र कसं सांगावं ते सुचेना. इंग्रजीत सोपं वाटलेलं वाक्य मराठीत तोंडातून निघत नव्हतं.

इकडे आजोबांची काळजी वेगळीच होती. त्या नर-वंध्य कांद्याच्या बियांची रोपं थंडी पडली की पिवळी पडत. खत देऊन झालं, वाफा बदलून झाला, पात काही हिरवी होईना. मग त्यांनी त्या गोंड्यांवर निरनिराळ्या कांद्यांचे पराग लावले. दर खेपेला बी धरलं, रोपं आली आणि थंडीत पुन्हा पिवळी पडली.

एकदा जेवताना ते खुशीत होते. "कळलं. बाप कितीही बदला, पिवळेपणा हटत नाही. पातीतले हिरवे कण बीला आईकडूनच मिळतात, परागातून येत नाहीत. दोष आईच्या पेशीतच आहे."

"आणि पराग नसणं?"

"तेही आईच्याच पेशीतून. दोन्ही एकाच वाटेनं उतरतं."

"म्हणजे उणं नरात असलं तरी बोल आईलाच."

ते हसले. "अगं, मी कांद्याचं सांगतोय."

"डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला बोलावलंय," मी म्हटलं.

त्यांचा घास हातातच राहिला. "कधी?"

"वर्ष होऊन गेलं."

दोन भाकऱ्या खाणारा माणूस अर्ध्यावर उठला. त्याच आठवड्यात येडशीहून छोट्या रुळांच्या गाडीनं ते एकटेच सोलापूरला निघाले. परतल्यावर पाय धुऊन माझ्यापाशी येऊन बसले आणि म्हणाले, "माझ्यात आहे. आईला मी सांगतो."

संक्रांतीला सासूबाई आल्या. आजोबांनी पानावर बसल्या बसल्याच सांगून टाकलं. ते भित्रे नव्हते, हे तुम्हाला ठाऊक असावं म्हणून लिहिते आहे.

सासूबाई वाढता वाढता थांबल्यासुद्धा नाहीत. "बायकोला पाठीशी घालायचं तर घाल. पण स्वतःला असलं काही लावून घेऊ नकोस. गप जेव."

"आई, डॉक्टरांनी तपासलंय."

"पुरुषाला काय तपासायचं असतं?"

आजोबांनी पुढंही मावशीला सांगितलं, चुलत्यांना सांगितलं. सगळे ऐकून माझ्याकडं बघत, आणि कसा देवमाणूस मिळाला हिला, म्हणत. तुमचे बाबा दत्तक आले तेव्हाही बायका मलाच म्हणाल्या, "बरं झालं, तुमची कूस नाही तरी मांडी भरली."

त्या रात्री आजोबा त्या बायकांना पुन्हा खरं काय ते सांगायला निघाले होते. मीच म्हटलं, राहू द्या. मूल नुकतंच झोपलं होतं.