बरणी मी रेतीनं घासली होती

माझ्या भावाच्या फुफ्फुसात दगड होता. मी तो माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

आज वामनदादाचा स्मृतिदिन. दरवर्षी त्याचा फोटो टाकतो, तुम्ही खाली हात जोडता. या वर्षी नुसता फोटो जमणार नाही. काल एकानं फोनवर विचारलं, "तुमचे भाऊ टीबीनं गेले ना?"

तेव्हापासून डोकं सणकलं आहे.

नाही गेला टीबीनं. ऐका.

पंच्याऐंशी साल. आमचं घर कारध्याला, वैनगंगेच्या काठी. दादा नाकाडोंगरीकडे एका ठेकेदाराच्या चक्कीवर होता. गव्हाची नाही, गारगोटीची चक्की. पांढरा दगड सुकाच दळायचा, पावडर पोत्यात भरायची. तोंडाला फडकं, बस.

शनिवारी घरी यायचा तेव्हा पापण्यासुद्धा पांढऱ्या. वहिनी म्हणायची, "आले पाहा नवरदेव, पावडर लावून."

तो हसायचा. हसला की खोकायचा. मग हसणं गेलं, खोकला राहिला.

ठेकेदाराच्या डॉक्टरनं सांगितलं, टीबी. दीड वर्ष सुया. ढुंगणाची चाळणी झाली, खोकला जागच्या जागी. विहिरीवर बाया वहिनीला म्हणायच्या, "तुही बादली अलग ठेव व माय."

मी काय करत होतो? नववी नापास. ट्रक जाईल तिकडे जायचो. रायपूर, जबलपूर. एकदा झोपेत ओडिशात पोचलो आणि तिथं एका सर्कशीत उंटाला चारा घालायचं काम... ते राहू द्या.

नागपूरच्या एका दवाखान्यात शिरीष डॉक्टर भेटला. नवाच होता, माझ्याहून थोडा मोठा. एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून त्यानं विचारलं, "चक्कीवर अजून कोण खोकतं?"

दादा म्हणाला, "कोण नाही खोकत ते विचारा साहेब."

डॉक्टर म्हणाला, फुफ्फुसाचा छोटा तुकडा काढू. मद्रासच्या एका प्रयोगशाळेत लेझरनं तपासतात, नवीन काम आहे. आत दगड निघाला तर ठेकेदाराला पाणी मारून दळावं लागेल. धूळ बसेल. तुझं जे झालं ते झालं, बाकीचे वाचतील.

दादानं लगेच अंगठा पुढे केला. "काढा."

मला डॉक्टरनं सांगितलं, "उद्या येताना काचेची बरणी आण. एकदम स्वच्छ पाहिजे."

घरी लोणच्याची बरणी होती. नदीवर नेली आणि रेतीनं घासली. आमच्याकडे भांडं असंच घासतात. वास जाईना म्हणून तीनदा घासली. आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम मन लावून केलं.

मद्रासच्या गाडीत बरणी मांडीवर. औषधाच्या पाण्यात बोराएवढा तुकडा. समोरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "अचार है क्या?"

मी म्हणालो, हो.

प्रयोगशाळेत लक्ष्मी मॅडम होत्या. त्यांनी तुकडा मधोमध कापला, आतला पातळ काप काढला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यावर हिरवा उजेड सोडला. म्हणाल्या, परत येणाऱ्या उजेडातला अगदी थोडा उजेड रंग बदलून येतो. मांसावरून आला तर वेगळा, दगडावरून आला तर वेगळा. याला रामन स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. मांस स्वतःच इतकं चमकत होतं की बराच वेळ काही दिसेना. मग यंत्राच्या सुईनं कागदावर एक उंच रेघ काढली.

"चार सौ चौंसठ. ये क्वार्ट्ज का नंबर है, तुम्हारी गारगोटी का. देखो, पत्थर मांस के अंदर."

मी नळीतून पाहिलं. बारीक बारीक कण, भोवती गाठ धरलेली.

तिथं दोन दिवस जास्त राहिलो, समुद्र पाहायला. खोटं कशाला सांगू?

शिरीष डॉक्टरनं तो कागद जोडून तक्रार केली, मग भंडाऱ्याला सरकारी साहेबांपुढे चौकशी लागली. दादा बाहेर बाकड्यावर खोकत बसलेला. आत ठेकेदाराचा डॉक्टर, इस्त्रीचा शर्ट, एकदम प्रेमानं मला विचारतो, "बरणी कोणी धुतली बेटा?"

मी छाती फुगवून सांगितलं, "मी साहेब. रेतीनं. तीनदा."

तो चौकशीच्या साहेबांकडे वळला. "नदीची रेती म्हणजे काय साहेब? गारगोटीच."

सगळे हसले. साहेबसुद्धा हसले.

शिरीष डॉक्टर ओरडून सांगत होता, काप आतला आहे, मॅडमनं लिहिलं आहे, वाचा तरी! कोणी वाचलं नाही. फाइलवर शेरा पडला, नमुना दूषित.

अरे, बरणीतली रेती मांसाच्या आत शिरून स्वतःभोवती गाठ बांधते का? एवढा एक प्रश्न त्या खोलीत कोणाला पडला नाही? की पडला आणि गिळला?

परत येताना पुलावर दादा थांबला. श्वास पुरत नव्हता.

"काहून सांगितलं बे?"

"त्यानं विचारलं."

"आन् तुले सांगाची घाई." मग कठडा धरून म्हणाला, "चक्की आता सुकीच चालन. माह्या जागी उद्या दुसरा उभा राहीन."

मी त्याच आठवड्यात ट्रकवर चढलो. आठ महिन्यांनी परतलो तेव्हा दादा नव्हता. वहिनीनं दार उघडलं. "जेवले काय भाऊजी?" एवढंच विचारलं. चप्पल काढून मारलं असतं तर सोपं गेलं असतं.

मृत्यूच्या कागदावर लिहिलं होतं, क्षय. चक्की सुकीच चालली. दादाच्या पाळीतला एकही माणूस आज ही पोस्ट वाचायला उरलेला नाही.

दादा, मले माफ केलं असशील तर तुही मर्जी.

त्या ठेकेदाराच्या डॉक्टरले नको करू.

रागासकट श्रद्धांजली.