न उघडलेलं पत्र

आदिलाबादच्या बसस्टँडसमोर इंटरनेट सेंटर नवंच निघालं होतं, तेव्हा मी तिथं कामाला होते. दर मंगळवारी जवळच्या मावला गावाहून एक भाजीवाली मावशी यायची. चपला दाराबाहेर काढायची, पदराला हात पुसायची आणि कॉम्प्युटरसमोर ताठ बसायची. तिचा मुलगा अमेरिकेत होता. तो इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा आणि मी ते तिला वाचून दाखवायचे. पुढं त्याचे मेल बंद झाले. तिचं येणं बंद झालं नाही.

सहा महिन्यांनी स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं. सोबत एक फाइल जोडलेली होती. मी उघडणारच होते, पण बाहेरून दिसणारी विषयाची ओळ इंग्रजी भाषेत होती, आणि अगदी तसलेच मेल आठवडाभर सगळ्यांना येत होते.

"मावशी, हे त्यानं नाही लिहिलं," मी म्हणाले. "मेलच्या प्रोग्राममधी एक भोक राहून गेलं हाये. त्यातून व्हायरस त्याच्या कॉम्प्युटरमधी शिरते, आन त्याच्या पत्त्याच्या यादीत जितके नाव असतील तितक्याईले आपोआप पत्र धाडते. उघडलं तर आपलाबी कॉम्प्युटर बिघडन. पुसून टाकू?"

तिनं स्क्रीनवरच्या त्या नावावर बोट ठेवलं.

"मंजे त्याच्या यादीत माहं नाव हाये अजून?"

"हाये."

"मंग काऊन पुसतं, बाई? राहू दे."

पुढच्या मंगळवारी आली तेव्हा पत्र आलं का, असं तिनं विचारलं नाही. "ते दाखव," एवढंच म्हणाली. मालकानं तसले मेल दिसताच पुसायला सांगितलं होतं. बाकीचे मी पुसलेही. ते एक मात्र, काम सोडेपर्यंत, मी दर मंगळवारी तिला बंदच दाखवत राहिले.