आमच्या गावचा साकव

कोयनानगरच्या कॉलनीत सगळेच बाहेरून आलेले. त्यामुळे कोणी भेटलं की पहिला प्रश्न, "गाव कंचं?" नाव नंतर. मे महिन्यात सगळी बिऱ्हाडं आपापल्या गावी जायची आणि जूनमध्ये पोरी आंब्याच्या अढीपासून म्हशीच्या रेडकापर्यंत सगळं सांगत बसायच्या. आम्ही कुठेच जात नसू. आमचं गाव माझ्या जन्माआधीच धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं आणि वडील त्याच धरणावर वॉचमन होते. गावाबद्दल ते चकार शब्द काढत नसत. विचारायचं नाही, असं आईने बजावून ठेवलं होतं.

आपल्याला गाव नाही याची मला लाज वाटे. आज हसू येतं, पण तेव्हा फार वाटे.

कॉलनीच्या वाचनालयात मला पुठ्ठा सुटलेली एक भाषांतरित कादंबरी मिळाली. "अभ्यासाला काय उपेग न्हाई ह्याचा," कारकून म्हणाले. नव्हताच. त्यात एक पोरकी मुलगी परक्या गावात येते. तिला कोणी विचारत नाही, तेव्हा ती मनानेच घराघरात नातेवाईक ठरवून टाकते, इथे मावशी, तिथे आजोबा. गावाच्या तोंडाशी ओढा, त्यावर लाकडी पूल, पलीकडे मधमाश्या पाळणारा म्हातारा. मी ती चार वेळा वाचली. नातेवाईक मनाने ठरवता येतात, तर गाव का नाही?

त्या जूनमध्ये मी पोरींना माझं गाव सांगितलं. ओढा, पूल, सगळं. म्हाताऱ्याला तेवढा चुलत आजोबा केला. खोट्याच्या कपाळी गोटा हे ठाऊक होतं, पण तो चौथ्याच दिवशी बसेल असं वाटलं नव्हतं.

वडील ड्यूटीवरून सायकलने येत होते. आमच्यातली एक आगाऊ पोर त्यांना आडवी गेली. "आवं काका, तुमच्या गावच्या वढ्यावर लाकडी पूल हाय व्हय? ही म्हणत्या. मला तर थाप वाटत्या."

ते नाही म्हणाले असते, तर कॉलनीत तोंड दाखवायची सोय नव्हती. पण खरी भीती वेगळीच होती. त्यांच्या बुडालेल्या गावाचा मी खेळ केला, हे आता त्यांना कळणार होतं.

वडिलांनी एक पाय जमिनीवर टेकला. माझ्याकडे बघितलं.

"हाय की," ते म्हणाले. "आमी साकव म्हनतो त्येला. सागाच्या फळ्या. पावसाळ्यात लय निसरडा व्हायचा, पर शेरडं बी बिनघोर जायाची." मग ते बोलतच राहिले. साकवापलीकडचं मारुतीचं देऊळ, त्यामागचं आमचं रान, बांधावरचा फणस. गावाबद्दल त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. थाप मारली आणि ती खरी निघाली, बोलाफुलाला गाठ पडली, असं मला वाटलं. आनंदाने त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दहावीनंतर मी आत्याकडे गेले. आमच्या गावची काही घरं सांगली जिल्ह्यात, आटपाडीच्या बाजूला वसवली होती. तिथल्या ओढ्याला पाणी कधी दिसलं नाही. आत्या शेंगा फोडत बसली होती. मी सहज विचारलं, आधी काय बुडालं, देऊळ की साकव?

"कंचा साकव?"

"ओढ्यावरचा. सागाच्या फळ्यांचा."

"न्हाई बाई. साकव कवाच नव्हता. पावसाळ्यात कंबरंएवढ्या पाण्यातनं जायाचो आमी, लेकरं खांद्यावर घिऊन. साकव द्या म्हणून अर्ज करू करू तुझा आजा गेला. शेवटाला सायब म्हणला, आता धरणच व्हणार, साकव कशाला?"

ती पुन्हा शेंगा फोडायला लागली. आजोबांना जन्मभर मागून जो मिळाला नाही, तो साकव वडिलांनी माझ्यासाठी सायकलवर एक पाय टेकून उभ्या उभ्या बांधला होता. गाव कुठलं असं कोणी विचारलं, की मी अजूनही त्याच्यापासूनच सांगायला लागते.