संपाच्या दिवशीचं मागचं दार

रविवारी अण्णा जेवायला आले की आमच्या घरात विधानसभा भरायची. अण्णा म्हणजे माझे वडील. राहतात पिंपळगाव बसवंतला. आयुष्यभर द्राक्षांच्या शीतगृहांतल्या मशिनी दुरुस्त केल्या आणि तितकीच वर्षं एका पक्षाचं काम केलं. पक्षानं त्यांना कधी काही दिलं नाही, त्यांनी मागितलंही नाही. सभेच्या सतरंज्या घालायच्या, घोषणा द्यायच्या आणि भाषण संपलं की सतरंज्या गुंडाळायच्या, यात त्यांना खरंच आनंद वाटायचा.

त्यांच्यासमोर बसायचे माझे यजमान. ते फिजिशियन आहेत. इंदिरानगरात आमचं छोटं हॉस्पिटल आहे, वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. ते पेशंट बघतात आणि बाकीचा कारभार मी बघते: कर्मचारी, औषधांची मागणी, विम्याची कागदपत्रं आणि काउंटर. काउंटरवर बसणाऱ्याला एक वाक्य दिवसभर बोलावं लागतं, "आधी डिपॉझिट भरून घ्या." ते मी इतकी वर्षं बोलत आले होते की समोरच्याचा चेहरा त्यानंतर कसा होतो, हे माझ्या लक्षातही येईनासं झालं होतं.

सरकारनं विधेयक आणलं ते नेमकं याच वाक्यावर. अत्यवस्थ माणूस दारात आला तर कुठल्याही दवाखान्यानं पैशाचं न विचारता आधी उपचार सुरू करायचे. खर्चाची भरपाई सरकार नंतर करणार. नकार दिला तर शिक्षा. अण्णांच्या पक्षाचं सरकार होतं, त्यामुळे अण्णा खूश होते. डॉक्टरांची संघटना विरोधात होती आणि माझे यजमान संघटनेचे पदाधिकारी होते.

"डॉक्टर, यात वाईट काय आहे ते एकदा सांगा मला," अण्णा भाकरी मोडता मोडता म्हणायचे. एरवी ते त्यांना जावईबापू म्हणतात. वादात मात्र डॉक्टर.

"वाईट काही नाही. पण अण्णा, आहेत त्याच योजनांची बिलं सरकारकडे किती अडकून पडलीत हे हिला विचारा. मी नर्सचा पगार काय विधेयक दाखवून देऊ? आणि पेशंट अत्यवस्थ आहे की नाही, हे ठरवणार कोण? बाहेर जमलेली गर्दी?"

गर्दीचं ते उगाच बोलत नव्हते. एकदा एक पेशंट दगावल्यावर नातेवाइकांनी आमच्या समोरच्या काचा फोडल्या होत्या आणि एका ज्युनिअर डॉक्टरला मारलं होतं. तो मुलगा परत आला नाही.

अण्णांकडेही त्यांची गोष्ट होती. शीतगृहात अमोनिया गळला तेव्हा त्यांच्या सोबत्याला ते दवाखान्यात घेऊन गेले. माणूस घुसमटत होता आणि काउंटरवरचा इसम म्हणाला, आधी पैसे भरा. अण्णांनी बोटातली अंगठी काढून टेबलावर ठेवली, तेव्हा कुठे आतून स्ट्रेचर आलं. "तो इसम दिसायला वाईट नव्हता गं," अण्णा मला म्हणायचे. "साधाच होता. तुझ्यासारखा." ते मला टोचायला म्हणत नसत, पण मी आमटी आणायच्या निमित्तानं उठून जायचे.

गंमत म्हणजे, आधीच्या सरकारनंही जवळपास असंच विधेयक आणायचं घाटलं होतं. तेव्हा अण्णा म्हणत होते, "सगळं निवडणुकीचं गाजर आहे," आणि आमचे हे म्हणत होते, "विचार तरी चांगला आहे." मी एकदा भात वाढताना दोघांना याची आठवण करून दिली. दोघांनी एकदमच मान वर केली आणि एकदमच म्हणाले, "तेव्हाची गोष्ट वेगळी होती." मग तिघेही हसलो. त्या विषयावर आम्ही एकत्र हसलो ते तेवढंच.

विधेयक सभागृहात आलं तेव्हा काउंटरवरच्या टीव्हीवर आम्ही ती चर्चा बघितली. चर्चा कसली, विरोधकांनी प्रती फाडून उधळल्या, सत्ताधाऱ्यांनी बाकं वाजवली. एकजण म्हणाला, गरिबांचे मारेकरी. दुसरा म्हणाला, डॉक्टरांचे मारेकरी. अध्यक्ष उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. बाकड्यावर बसलेले पेशंट थोडा वेळ बघत राहिले आणि मग आपापल्या मोबाइलमध्ये गेले.

शेवटच्या मतदानाच्या दिवशी संघटनेनं संप पुकारला. या वेळी नुसती ओपीडी नाही, तातडीची सेवाही बंद. त्याच दिवशी विधेयकाच्या बाजूनं कलेक्टर कचेरीवर मोर्चा ठरला. अण्णा त्या मोर्चासाठी पिंपळगावहून सकाळीच निघाले. संपाचा कागद मी आमच्या जाळीच्या फाटकावर स्वतः चिकटवला. वाऱ्यानं उडू नये म्हणून चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली.

आत आधीचे पेशंट होते, त्यांच्यापुरता स्टाफ होता. यजमान संघटनेच्या धरण्याला गेले होते. ऊन जरा वर आलं असेल, तेवढ्यात फाटकाशी एक पिकअप येऊन थांबली. मागच्या बाजूला गोधडीवर एक बाई होती, माझ्याच वयाची. तिचं डोकं मांडीवर घेऊन तिचा नवरा बसला होता.

"ताई, वणीहून आलोय. हिला सकाळी च्या करता करता एकदम कसंतरी झालं. बोलता येईना. डाक्टरसाहेबांचं लय नाव ऐकलंय, बघा ना जरा."

मी फाटकातूनच बघितलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. उजवा हात खाली लोंबत होता आणि डाव्या हातानं ती तो उचलून मांडीवर ठेवायचा प्रयत्न करत होती. मी डॉक्टर नाही, पण इतक्या वर्षांत एवढं मला कळतं. हा मेंदूतला झटका आहे आणि यात वेळ घालवून चालत नाही. सीटी स्कॅनचं सेंटर आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आमच्याकडे होतं.

मी यजमानांना फोन लावला. मागं घोषणा चालू होत्या.

"स्ट्रोक वाटतोय. घेऊ का आत?"

ते घोषणांपासून जरा बाजूला आले. "अगं, एक घेतला की फाटक उघडलं. मीच पदाधिकारी आणि मीच संप मोडला असं होईल. सिव्हिल चालू आहे, तिकडे पाठव. लगेच पाठव, वेळ घालवू नको."

मी फाटकाबाहेर आले आणि म्हणाले, "दादा, आज संप आहे. सिव्हिलला न्या. ताबडतोब न्या." तो माणूस कागदाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. ड्रायव्हरला म्हणाला, "चल बाबा." गाडी वळताना ती बाई माझ्याकडेच बघत होती. मी स्वतःला सांगितलं की सिव्हिलला चांगले डॉक्टर आहेत. तसे ते आहेतच.

मी आत येऊन बसले, पाणी प्यायले, आणि काही वेळानं फोन वाजला. अण्णांचा मोर्चातला सोबती होता. "ताई, अण्णा छातीला हात लावून बसलेत. घामाघूम झालेत. इथनं सिव्हिल जवळच हाय, तिकडं नेऊ का?"

"नको," मी म्हणाले. विचार करायलाही थांबले नाही. "रिक्षा करा आणि इकडे घेऊन या. मागच्या गल्लीतून या."

यजमानांना कळवलं. "मी निघालो," एवढंच म्हणाले आणि स्कूटरवर रिक्षाच्या आधी पोचले. मागचं दार मी उघडून ठेवलं होतं, स्ट्रेचर तयार होतं, आमची सगळ्यात जुनी नर्स हातमोजे घालून उभी होती. अण्णांच्या शर्टाला पक्षाचा बिल्ला होता. ईसीजी काढायला नर्सनं शर्टाची बटणं काढली, बिल्ला काढला आणि माझ्या हातात दिला. हार्ट अटॅक होता. यजमानांनी ते गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मागितलं. फ्रीजमधून मीच आणून दिलं.

अण्णा वाचले. दुपारपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. यजमान त्यांच्या पलंगाशी हात धरून बसले होते. मी कधीच त्यांना अण्णांचा हात धरताना बघितलं नव्हतं. अण्णांनी डोळे उघडून इकडंतिकडं बघितलं.

"जावईबापू, आज तर तुमचं बंद आहे ना?"

"तुमच्यासाठी कसलं बंद, अण्णा."

यजमान प्रेमानंच म्हणाले. अण्णांनी मात्र डोळे मिटून घेतले. मी तिथेच उभी होते. त्या बाईबद्दल मी दोघांनाही काही बोलले नाही. यजमानांनीही विचारलं नाही. पण त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि लगेच सलाइनच्या बाटलीकडे बघायला लागले.

संध्याकाळी बातमी आली. गोंधळात मतदान झालंच नाही, विधेयक समितीकडे गेलं. आमच्या संघटनेतल्यांनी एकमेकांना पेढे भरवले, डॉक्टरांचा विजय. अण्णांच्या सोबत्यांनीही पेढे आणले, विधेयक मागं घ्यावं लागलं नाही, म्हणून जनतेचा विजय. दोन्हीकडचे पेढे माझ्या काउंटरवर आले. समितीकडे ते विधेयक अजून आहे.

पुढे बऱ्याच दिवसांनी अण्णा तपासणीला आले होते. बाहेरच्या बाकड्यावर नंबराची वाट बघत बसले. "रांगेतच बसतो," म्हणाले. मी आत या म्हटलं तरी ऐकेनात. त्यांच्या शेजारी तपासणीला आलेला एक माणूस बसला होता आणि दोघांच्या गप्पा चालू होत्या. त्यानं मान वर केली तेव्हा मी ओळखलं. तो पिकअपमधला.

मी काउंटरमागे खाली वाकले, काही शोधत असल्यासारखी. पण त्यांचं बोलणं ऐकू येत होतंच.

"आमची मंडळी देवीच्या गडाच्या पायथ्याला ओटीचं दुकान लावायची," तो अण्णांना सांगत होता. "नारळ, खण, बांगड्या. आरोळी अशी मारायची की गाडीतून चाललेला माणूस उतरून यायचा. आता वाचाच गेली. उजवा हातबी नाय हालत. डाक्टर म्हनले, लवकर आणायला पायजे होतं."

"मग उशीर कसा झाला?" अण्णांनी विचारलं.

"आलो होतो की. पहिलं इथंच आलो. संप होता. मग वाटेत अजून एका दवाखान्यात इचारलं, तिथंबी कुलूप. मग सिव्हिलकडं निघालो, तर म्होरं मोर्चा. सगळा रस्ता भरलेला. गाडी म्हागं येईना, म्होरं जाईना. मी उतरून हात जोडले, म्हटलं पेशंट हाय, वाट द्या. पण भोंग्यात कुनाला ऐकू येणार? गरिबाला विलाज मिळालाच पायजे, असं वरडत होते." तो सांगताना चिडला नव्हता. हवापाण्याचं बोलावं तसं बोलत होता. "सिव्हिलवाल्यांनी लय केलं. नाय म्हणायचं नाय. पन वेळ निघून गेलती."

ती घोषणा अण्णा देत होते. मला माहीत आहे, कारण त्यांच्या सोबत्यानं नंतर सांगितलं होतं, छातीत कळ येईपर्यंत अण्णाच सगळ्यांत पुढे होते.

मग त्या माणसाची नजर माझ्याकडे वळली. "ताई, तुमीच होत्या ना त्या दिशी फाटकात?"

"हो," मी म्हणाले.

"तुमी लगेच सांगितलंत सिव्हिलला न्या म्हणून. बाकीच्यांनी तर दारबी नाय उघडलं." त्याला माझे आभारच मानायचे होते.

त्या दुपारी घरी जेवताना मी सगळं सांगितलं, फाटकातल्या बाईचंही आणि मागच्या दाराचंही. अण्णांनी ताट सरकवलं नाही की आवाज चढवला नाही. "सिव्हिल त्या दिवशी माझ्यापासून हाकेवर होतं," ते म्हणाले. "मला का नाही नेलंत तिकडं?"

"अण्णा, तुम्ही माझे वडील आहात."

"ती कुणाची कोणी नव्हती का?"

यजमान म्हणाले, "अण्णा, चूक माझी. मी नको म्हणालो." अण्णा म्हणाले, "आणि रस्ता अडवला तो मी." मग कुणाचं किती, असा वाद घालायला कुणातच बळ नव्हतं. वाद घालता आला असता तर बरं वाटलं असतं.

यजमानांनी संघटनेच्या पुढच्या बैठकीत ठराव मांडला की संप कुठलाही असो, तातडीची सेवा बंद ठेवायची नाही. अनुमोदन कुणी दिलं नाही. घरातला प्रसंग चव्हाट्यावर आणू नका, असं एका ज्येष्ठ डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. यजमानांनी पद सोडलं नाही, पण आमचं फाटक यापुढे बंद राहणार नाही, असं बैठकीतच सांगून आले. अण्णा पक्षाच्या कचेरीत जातात, चहा पितात, पण मोर्चाला जात नाहीत. प्रकृतीचं कारण सांगतात. रविवारी आता आमच्याकडे द्राक्षांच्या भावावर बोलणं होतं.

मागच्या महिन्यात मी आणि अण्णा वणीला गेलो. दुकान सापडायला वेळ लागला नाही. नवरा गिऱ्हाइकं बोलावत होता, त्याचा आवाज त्या कामाचा नाही. ती आत स्टुलावर बसली होती आणि डाव्या हातानं खणाच्या घड्या घालत होती, प्रत्येक घडीला गुडघ्याचा आधार घेत. मी ओटी मागितली. तिनं नारळ ठेवला, तांदूळ ठेवले, खण ठेवला आणि माझ्याकडे बघून अर्ध्या चेहऱ्यानं हसली. तिनं मला ओळखलं नव्हतं.

तिचा नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मी नाय सांगितलं तिला, तुमी कोन ते. काय करायचंय सांगून?"

अण्णा तिच्याजवळ जाऊन काहीतरी बोलायला वाकले, ओठ हलले. मग त्यांनी नुसतेच हात जोडले. तिला वाटलं म्हातारा माणूस देवीचं नाव घेतोय. तिनंही डावा हात कपाळाला लावला.